रस्ता कोणाच्या मापाने?

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे जाताना कणकवलीच्या अलीकडे नांदगावचा तिठा लागतो. येथून देवगडकडे जाणारा रस्ता फुटतो. कोकण रेल्वेचे नांदगाव रोड हे लहानसे स्थानकही येथे आहे. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे सलग धावू लागली. पुढे महामार्गाचा क्रमांक १७ जाऊन ६६ आला आणि सिंधुदुर्गात तो चौपदरी झाला. मोटारीने जाणाऱ्याला कणकवली जवळ आली. पण डोक्यावर भारा घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईला पलीकडची बाजू पूर्वीपेक्षा लांब गेली. या दोन्ही गोष्टी एकाच कामातून घडल्या. त्यातल्या पहिलीचा हिशेब सरकारदरबारी होतो, दुसरीचा होत नाही. तो का होत नाही, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

नगरनियोजन आणि शहरी वाहतूक हा विषय नांदगावसारख्या गावातून कशाला मांडायचा, असे कोणी विचारील. पण कोकणातल्या घराचा एक पाय पूर्वीपासून मुंबईत आहे. गावात मनीऑर्डर यायची ती परळ-लालबागच्या चाळीतून. आज पैसा येतो तो नालासोपारा, दिवा, मानखुर्द येथून. पत्ता असा दूर का सरकत गेला, हा नगरनियोजनाचाच प्रश्न आहे.

आधी मापाचा विचार करू. रस्ता किती रुंद हवा हे ठरवताना अभियंते वाहने मोजतात. सर्व वाहने सारखी नसल्यामुळे एक मोटार हे एकक धरले जाते. इंडियन रोड्स काँग्रेसने ग्रामीण महामार्गांसाठी दिलेल्या कोष्टकात बस किंवा ट्रक म्हणजे तीन मोटारी, मोटारसायकल म्हणजे अर्धी आणि बैलगाडी म्हणजे तब्बल आठ. हे आकडे त्या वाहनातून किती माणसे गेली हे सांगत नाहीत; त्या वाहनाने मोटारीची वाट किती अडवली, एवढेच सांगतात. आणि पायी चालणाऱ्या माणसाला या कोष्टकात रकानाच नाही.

आता हाच हिशेब माणसांच्या मापाने करून पाहू. पन्नास माणसे बसने निघाली तर तीन मोटारींची जागा लागते. तीच माणसे मोटारीत दोन-दोन बसून निघाली तर पंचवीस मोटारींची जागा लागते. म्हणजे आठपट जागा. ही जागा कोठून येते? पदपथातून येते, फेरीवाल्याच्या कोपऱ्यातून येते, रस्त्याकडेच्या झोपडीतून येते. केंद्र सरकारने २००६ साली राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण जाहीर केले. वाहने हलवण्याऐवजी माणसे हलवणे हे रस्त्याचे काम, असे तत्त्व त्यात मान्य केले आहे. तत्त्व मान्य झाले; पैसा मात्र कोणीकडे गेला, ते मुंबईत पाहावे.

मुंबई महानगरपालिकेने सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्चून १०.५८ किलोमीटरचा सागरी किनारा मार्ग बांधला. त्याचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाला. त्यावर दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूवरही तोच नियम आहे. बेस्ट हा याच महापालिकेचा उपक्रम. त्याच्या ताफ्यात एकेकाळी चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. २०२५ साली तीन हजारही उरल्या नव्हत्या. त्यातल्या बहुसंख्य भाडेतत्त्वावरच्या. त्याच वर्षी ९ मे रोजी साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. किनारा मार्गाला कोटींची मोजदाद नाही आणि बसच्या तोट्याची मात्र दरसाल चर्चा! रस्त्यावरचा खर्च हा 'विकास' आणि बसवरचा खर्च हा 'तोटा', ही भाषा कोणी ठरवली?

किनारा मार्गाच्या समर्थकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, या मार्गामुळे आतल्या रस्त्यांवरची गर्दी कमी होईल आणि बसलाही वाट मोकळी मिळेल. हे तात्पुरते खरे ठरू शकते. पण रस्ता वाढला की मोटारीही वाढतात आणि गर्दी पुन्हा पूर्वपदावर येते, हे अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच दाखवून दिले आहे. दुसरा पक्ष मेट्रोचा. मेट्रो हे सार्वजनिक वाहन आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र मेट्रोच्या स्थानकापर्यंत माणूस बसने किंवा पायीच येणार. बस मोडली आणि पदपथ गेला, तर मेट्रो ज्याला परवडते त्याचीच राहील.

आता पत्ता दूर का गेला, या प्रश्नाकडे वळू. गिरणगाव हे पायी चालणाऱ्यांचे शहर होते. भोंगा झाला की चाळीतला माणूस चालत गिरणीत पोहोचायचा. ते शहर आदर्श होते असे नाही. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून त्याच गिरण्यांच्या विणखात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, हे विसरता येणार नाही. पण घर आणि काम यांत प्रवासाचा खर्च नव्हता. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि कामगाराची पुढची पिढी लोकलच्या दारात लोंबकळू लागली. रेल्वेमार्गालगतच्या झोपड्या हटवल्या गेल्या तेव्हा त्यांतील हजारो कुटुंबे मानखुर्दसारख्या ठिकाणी इमारतींत गेली. पक्के घर मिळाले, ही मोठीच गोष्ट. परंतु चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे काम जुन्या वस्तीजवळच राहिले. तिच्या मिळकतीतून आता प्रवासभाडे वजा होऊ लागले.

पदपथावर राहणाऱ्यांच्या १९८५ च्या ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हेच आले होते. माणसे तेथे राहतात ती काम जवळ आहे म्हणून, आणि उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही पदपथ मोकळे करण्याची मुभा महापालिकेला मिळालीच. ते पदपथ चालणाऱ्यांसाठी मोकळे करायचे होते. आज त्यांवर मोटारी उभ्या दिसतात.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ती नियोजनाच्या पुस्तकात येत नाही. १९०१ साली लहानगे भीमराव आपला भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर वडिलांना भेटायला निघाले. साताऱ्याहून मसूरपर्यंत ते आगगाडीने आले. तिकीट काढले आणि गाडीत बसले. मसूरला उतरल्यावर जात कळली आणि एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, अशा अटीवर प्रवास झाला. रस्ता होता, गाडी होती, भाडे द्यायला पैसेही होते. आगगाडीने तिकीट पाहिले. बैलगाडीने जात पाहिली.

सार्वजनिक वाहनाचे महत्त्व येथे आहे. एस.टी.च्या बाकावर आणि लोकलच्या डब्यात माणूस तिकिटाच्या अधिकाराने बसतो. तेथे जात पुरती गळून पडते असा भ्रम कोणी बाळगू नये. पण शेजारी कोण बसावे हे ठरवण्याचा अधिकार तेथे कोणालाच नसतो. बंद काचेच्या मोटारीत तो अधिकार परत मिळतो. म्हणून बस कमी होते तेव्हा केवळ सोय कमी होत नाही. परक्या माणसाशेजारी बसण्याची समाजाची सवयही कमी होते.

संविधान घडवणाऱ्यांना याची जाण होती. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याच ओळीत रस्ते आहेत. सरकारी पैशाने राखलेल्या रस्त्याच्या वापरावर जातीच्या कारणाने कोणावरही निर्बंध घालता येत नाही. आज रस्त्यावर जातीची पाटी कोणी लावत नाही. पण ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांत आपली माणसे किती आहेत, हे सांगायला पाटी लागत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा पदपथ हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग मानला. हा निर्णय शहरांपुरता समजून ठेवून देऊ नये.

कोकणात बौद्धवाडी बहुधा गावाच्या टोकाला असते. डांबर तेथे शेवटी पोहोचते आणि चालण्याचे अंतर तिच्याच वाट्याला अधिक येते. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, ही चांगली सवलत आहे. पण गाडी आली तरच तिचा उपयोग. तेव्हा ग्रामसभेत आणि महामार्गाच्या कार्यालयात काही साधे प्रश्न लेखी विचारले पाहिजेत. तिठ्यावर रस्ता ओलांडण्याची सुरक्षित सोय कोठे आहे? वाडीपासून थांब्यापर्यंत पायवाट आणि दिवा आहे काय? एस.टी. कोणत्या बाजूला थांबते, आणि म्हातारे माणूस तेथवर कसे पोहोचते? दिवसभरात रस्ता किती माणसे पायी ओलांडतात, हे कोणी मोजले आहे काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी येईल. मग ती मोजणी आपणच करावी. वाडीतल्या दोन-चार शिकलेल्या मुलांनी वही घेऊन तिठ्यावर एक दिवस बसावे, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ओलांडणाऱ्यांची नोंद करावी आणि ती अर्जाला जोडावी. सरकारी कोष्टकात आपल्यासाठी रकाना नसेल, तर तो आपल्या वहीत आखून त्यांच्यापुढे ठेवला पाहिजे.