निरोप पोहोचला, पण कोणाच्या पाळीत?

कोयना धरणाचे दरवाजे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात उघडतात आणि काळजी सांगलीत आयर्विन पुलापाशी वाढते. कऱ्हाडला कोयना कृष्णेस मिळते व तेच पाणी पुढे सांगलीस येते. पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. अशा वेळी विसर्गाची सूचना योग्य माणसाच्या हाती वेळेवर पडणे किती मोलाचे, हे सांगलीकरांना समजावून सांगावे लागत नाही.

दूरध्वनी वाजला की खुर्चीत जो असेल तो उचलतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक असाच कोणा व्यक्तीचा नाही, तो खुर्चीचा आहे. ई-मेलचे तसे नसते. तो नावाच्या पेटीत पडतो आणि त्या नावाचा माणूस रात्रपाळी संपवून घरी झोपलेला असू शकतो. संगणकाच्या लेखी मात्र निरोप पोहोचलेला असतो!

यावर सर्वांसाठी एकच पेटी ठेवण्याचा उपाय सुचतो. पण सर्वांची म्हणजे कोणाचीच नाही, हा अनुभव कोणत्याही कचेरीत येतो. त्यापेक्षा पत्ता एकच ठेवावा आणि पाळ्यांचा तक्ता पाहून आलेला निरोप त्या घटकेला कामावर असलेल्या माणसाकडे वळवावा. हे काम साधी संगणकप्रणालीही करू शकते.

खरी अडचण तक्त्यातच असते. समजा, रविवारी रात्री १० वाजता सुरू झालेली पाळी सोमवारी सकाळी ६ वाजता संपते. निव्वळ तारीख पाहणारी प्रणाली बाराच्या ठोक्याला सोमवारच्या रात्रपाळीचा माणूस शोधू लागते. तो यायला अजून २२ तास असतात. म्हणून पाळीचा आरंभ आणि शेवट दोन्ही तारीख-वेळेसह नोंदवावे लागतात. पाळ्यांची अदलाबदल हा दुसरा घोटाळा. घरच्या कार्यासाठी दोघे आपसांत पाळी बदलतात, साहेबांना तोंडी सांगतात, तक्ता मात्र जुनाच राहतो.

शिवाय पहाटे ५ वाजून ५० मिनिटांनी आलेल्या निरोपाचे काय? जाणारा म्हणतो, येणारा पाहील. येणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. यासाठी पोच हवी, तीही माणसाने दिलेली. यंत्राने आपोआप धाडलेले उत्तर ही पोच नव्हे. दहा मिनिटांत पोच न आल्यास निरोप वरिष्ठांकडे जावा आणि पाळी बदलताना अनुत्तरित निरोपांची यादी नव्या माणसाच्या स्वाधीन व्हावी.

महापुरात वीज आणि इंटरनेटही दगा देतात. तेव्हा तक्त्यात प्रत्येक नावासमोर भ्रमणध्वनी क्रमांक असावा आणि त्या तक्त्याची कागदी प्रत भिंतीवर लावलेली असावी, तीही चालू आठवड्याची.