चढतोय की पडतोय?

२६ जानेवारी २०२० ची सकाळ. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ कॅलाबसास येथे ढग टेकड्यांवर टेकले होते. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्याची मुलगी आणि आणखी सहा प्रवाशांना घेऊन एक हेलिकॉप्टर तिथून चालले होते. 'ढगांच्या वर जाण्यासाठी चार हजार फुटांवर चढतो आहे,' असे वैमानिकाने रेडिओवरून कळवले. प्रत्यक्षात त्या वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळत वेगाने खाली येत होते. ते टेकडीवर आदळले आणि नऊही जण दगावले. इंजिन व्यवस्थित चालू होते.

अनुभवी वैमानिकाला आपण चढतोय की पडतोय हे कळू नये?

वर्गात करून पाहा. फिरत्या खुर्चीवर एका विद्यार्थ्याला डोळे बांधून बसवा. ज्या दिशेने फिरतोय असे वाटेल तिकडे त्याने बोट दाखवायचे. इतरांनी गप्प राहायचे (हेच सर्वांत अवघड!). खुर्ची सावकाश, एकसारख्या वेगाने फिरवा. थोड्या वेळाने, खुर्ची फिरत असतानाच, 'थांबली' असे तो म्हणेल. आता ती खरोखर थांबवा. तो उलट दिशेला बोट दाखवेल!

आपल्या आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की नलिका वळते, पण आतला द्रव जडत्वामुळे मागे राहतो. या फरकावरून मेंदूला वळण कळते. फिरणे एकसारखे चालू राहिले की द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो, फरक संपतो आणि मेंदू समजतो, आपण स्थिर आहोत. फार सावकाश घेतलेले वळण तर जाणवतच नाही. शिवाय वेग वाढताना आपण मागे रेलल्यासारखे वाटते. बाहेरचे काही दिसत नसेल, तर 'आपण वर चढतोय' असा त्याचा अर्थ लागतो.

एरवी डोळे ही चूक सुधारतात. ढगात क्षितिजच नाहीसे होते. उपकरणे खरे सांगतात, पण त्यासाठी स्वतःच्या शरीराचे म्हणणे झिडकारावे लागते. हेलिकॉप्टर स्वभावतः अस्थिर. त्याला सतत सावरावे लागते. ते उडतेही जमिनीजवळून, त्यामुळे चूक उमगून सावरायला वेळ मिळत नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचे हेलिकॉप्टर कोसळले. त्या चौकशीतही दरीतले हवामान अनपेक्षितपणे बदलणे, ढगात शिरणे आणि वैमानिकाला दिशाभ्रम होणे, असाच क्रम आढळला.

उपाय साधा वाटतो: ढग दिसताच मागे फिरा, नाहीतर उतरा. हेलिकॉप्टरला उतरायला मोकळे मैदानही पुरते. पण नामांकित प्रवासी मागे बसलेला असताना हे सोपे नसावे. कॅलाबसासच्या वैमानिकाने बहुधा स्वतःच स्वतःवर तसे दडपण आणले होते, असे तपास अहवालात नोंदले आहे.