झुंबराखालचे दोन दिवे

वॉशिंग्टनमधल्या त्या सभागृहात झुंबरं लखलखत होती. समोर जागतिक आरोग्य संघटनेची आणि युनिसेफची मोठी माणसं आणि बोलायला उभ्या होत्या जामखेडच्या मुक्ताबाई पोळ. ऐंशीच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून वातीचे दोन साधे दिवे काढले, एक पेटवला आणि त्यावरून दुसरा लावला. डॉक्टर झुंबरासारखे, देखणे पण महाग आणि हाताला न येणारे. आम्ही गावातल्या आरोग्यसेविका या दिव्यासारख्या, एकावरून दुसरा लागतो, असं त्यांचं सांगणं. सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं.

हा दिवा लागला तो आपल्याच नगर जिल्ह्यात. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी काम मांडलं. तेव्हा आसपासच्या गावांत जन्मलेल्या दर हजारांतली १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. बाहेरून आलेल्या नर्सबाई गावाला परक्या वाटायच्या. मग गावानेच आपल्यातली एक बाई या कामासाठी निवडायची, असं ठरलं. कुणी दलित, कुणी नवऱ्याने टाकलेली, बहुतेकींना अक्षरओळख नाही. शिकायला जामखेडला आल्या की त्या एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. शिवाशिव आधी तिथे मोडली, मग गावात.

शिक्षण कसं? जुलाब झालेल्या लेकरासाठी उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आईने आधी चाखायचं. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं.

नव्वदच्या दशकात १७६ चा आकडा वीस-पंचवीसवर आला. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला होताच. पण खरा मान या बायकांचा. हीच रीत दूरदेशीही दिसते. अमेरिकेतल्या मिनेसोटात युद्धामुळे परागंदा झालेल्या सोमाली कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथेही दवाखाना आणि घर यांच्यातला दुवा त्यांच्यातल्याच बायका होतात. आपली बोली बोलणाऱ्या बाईला दुखणं आधी सांगितलं जातं.

आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीलाही ही गोष्ट लागू पडते. दसरा झाला की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर असते आणि आजारपणात खाडा पडला की पैसे कापले जातात. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आशा आरोग्यसेविका गावात राहतात, ऊसतोड बायका सहा महिने तळावर, पालात.

म्हणून पाथर्डीकरांना एवढंच मागणं आहे. टोळी निघण्याआधी दर तळासाठी एक बाई निवडा, तिला शिकवा, औषधांची पेटी द्या. आणि आजाऱ्यापाशी बसलेल्या दिवसाचा तिला खाडा लावू नका, पूर्ण हजेरी मांडा.