मोडीतून वाचलेले तांबे

दिवाळी जवळ आली, की आमच्या शेलूच्या घरी माळ्यावरची अडगळ खाली उतरते आणि तिच्याबरोबर एखादा वादही. यंदाच्या वादाला कारण झाली एक तांब्याची कळशी. उन्हाळ्यात परसातल्या विहिरीचा गाळ उपसताना ती गड्याच्या फावड्याला लागली. अंगावर हिरवट पूट, पोटाला भला मोठा पोचा. माझ्या आईच्या लग्नात आलेल्या तीन कळशांपैकी ही एक. दोर तुटून आईच्या हातून विहिरीत गेली. गळ टाकून टाकून सारे थकले, पण ती काही लागली नाही. आई शेवटपर्यंत हळहळत असे.

“मोडीत देऊन टाकू या का?” सौभाग्यवतींनी विचारले. “तांब्याला भाव चांगला आहे.”

“आणि हिच्या दोन बहिणी कुठे आहेत?”

“त्या केव्हाच गेल्या मोडीत! स्टीलची भांडी घेतली तेव्हा.”

म्हणजे जपून ठेवलेल्या दोन्ही गेल्या आणि हरवली तेवढीच राहिली! वाचकहो, हा उलटा न्याय केवळ आमच्या घरचा नाही. तांब्याच्या जुन्या हत्यारांचा सारा इतिहास याच न्यायाने आपल्या हाती आला आहे.

मातीचे मडके फुटले, की खापऱ्या उकिरड्यावर पडतात आणि हजारो वर्षे तशाच राहतात. धातूचे तसे नाही. कुऱ्हाड बोथट झाली तर ठोकून धार लावायची, मोडली तर मुशीत घालून नवी ओतायची. म्हणून उरते ते बहुधा कुणी पुरून ठेवलेले, कुणाच्या हातून हरवलेले किंवा पाण्यात बुडालेले.

आपल्या महाराष्ट्रातच पाहा. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे येथे १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी व डॉ. देवांनी उत्खनन केले. तेथे तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या काळी तांबे इतके दुर्मिळ, की रोजच्या कापाकापीला लोक गारगोटीसारख्या दगडाची पातीच वापरीत. याच प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना धातूच्या चार भरीव मूर्ती सापडल्या: बैल जुंपलेला रथ व तो हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्या नुसत्या वजनावर विकल्या गेल्या असत्या तर?

दायमाबादला त्याच वर्षी उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव पुढे समुद्राकडे वळले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ साली सागरी पुरातत्त्वाचे काम त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले आणि १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात पाणबुडे उतरू लागले.

पाण्याखाली उतरून प्राचीन वस्तू शोधण्याची हौस मात्र त्याहून जुनी. १८५३-५४ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील झुरिच सरोवराचे पाणी फार खाली गेले आणि तळातून प्राचीन वस्तीचे लाकडी खांब वर आले. लगेच १८५४ च्या ऑगस्टमध्ये मोर्लो नावाचा संशोधक डोक्यावर बादलीसारखे शिरस्त्राण चढवून, पंपाने हवा घेत जिनिव्हाच्या सरोवरात उतरला!

पण धातूच्या दृष्टीने खरा खजिना मिळाला तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, उलुबुरून येथे. १९८२ साली स्पंज गोळा करणाऱ्या एका पाणबुड्याने तळाशी “कान असलेली धातूची बिस्किटे” पाहिली. ती तांब्याच्या लाद्या निघाल्या. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षे तेथे शोध चालला. पन्नास मीटर खोलीवर पाणबुड्याला एका वेळी जेमतेम वीस मिनिटे काम करता येई. सुमारे तेहेतीसशे वर्षांपूर्वी बुडालेल्या त्या जहाजात दहा टन तांबे आणि एक टन कथील होते. दहास एक हेच ब्राँझ ओतण्याचे प्रमाण! शिवाय कुऱ्हाडी, वाकस, छिन्न्या, विळे आणि करवतही. जहाज सुखरूप पोहोचले असते तर तो माल कोणत्या तरी भट्टीत गेला असता. व्यापाऱ्याचे नुकसान झाले, पण आपल्याला इतिहास मिळाला.

शेलूजवळून उल्हास वाहते. पोरे तिच्यात बुड्या मारतात, तेव्हा मी त्यांना सांगत असतो: हिरवट पूट चढलेले जुने काही हाती लागले तर घासू नका, ठोकू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. कुठे मिळाले ती जागा ध्यानात ठेवा आणि तहसील कचेरीत कळवा. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची चीज सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे असा १८७८ पासून कायदाच आहे.

हे सारे पुराण ऐकून सौभाग्यवती काही न बोलता आत गेल्या. मी घाबरलो. थोड्या वेळाने पाहतो, तो त्या चिंच घेऊन कळशी घासायला बसलेल्या!

“अहो, आत्ताच काय सांगितले मी?”

“ते नदीतल्या वस्तूंचे. ही आपल्या घरची आहे. लक्ष्मीपूजनाला मांडायची आहे.” मग पोच्यावरून हात फिरवीत त्या म्हणाल्या, “हा मात्र ठोकून काढायचा नाही हं. सासूबाईंच्या हातून पडल्याची तेवढीच खूण आहे.”