डीव्हीडी बनताना काम कुठे अडते?

घरगुती व्हिडिओची डीव्हीडी तीन टप्प्यांत बनते : एमपीईजी-२ मध्ये रूपांतर, मेनूसह फाइलींची मांडणी आणि डिस्कवर लेखन. काम अडले तर आधी टप्पा ओळखावा. रूपांतर थांबत असेल, तर टाइमलाइनचे दोन भाग करून ते वेगवेगळे चालवावेत. त्यातून बिघडलेली क्लिप कोणत्या भागात आहे ते सापडते. हार्ड डिस्कवर तात्पुरत्या फाइलींना पुरेशी जागा हवी. एकपदरी डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेले असले, तरी विंडोजच्या मोजणीत ती सुमारे ४.३८ जीबी भरते. प्रकल्प मोठा असल्यास बिटरेट कमी करावा. डिस्कवर लिहिण्याआधी आयएसओ फाइल, म्हणजे डिस्कची प्रतिमा, बनवून संगणकावर तपासावी. ती नीट चालली, तर दोष बहुधा कोऱ्या डिस्कचा किंवा रायटरचा असतो. डिस्क बदलून कमी वेगाने लिहावे. मूळ चित्रीकरण मात्र नंतरही जपून ठेवावे.