तिसऱ्यांचा रस हाच सॉस

नाताळच्या आदल्या रात्री नेपल्सच्या कितीतरी घरांत ‘स्पॅगेटी आले वोंगोले’ शिजते. आपल्याकडे शिंपल्यांचा पास्ता म्हटला की क्रीम, चीज, निदान मैद्याचा पांढरा सॉस हवाच, असा समज आहे. नेपल्सच्या पद्धतीत यातलं काहीच नसतं. ऑलिव्ह तेल, लसूण, थोडी मिरची, पार्सली आणि शिंपले, बस्स. कुणी चार छोटे टोमॅटो घालतं, कुणी घोटभर पांढरी वाइन. सॉस होतो तो शिंपल्यांनी उघडताना सोडलेल्या खारट पाण्याचा. ते ओतून दिलं की पदार्थच गेला.

‘इटालियन शिंपले मिळत नाहीत, मग करायचं कसं?’ हा प्रश्नही गैरसमजातूनच येतो. इटलीच्या बाजारातले पुष्कळसे वोंगोले, म्हणजे हे शिंपले, मूळ आशियाई जातीचे आहेत. 1983 मध्ये ही जात व्हेनिसच्या खाजणात आणून सोडली आणि तिथे ती फोफावली. तेव्हा कोकण-गोव्याच्या तिसऱ्या बिनदिक्कत वापराव्यात. फक्त नेहमीसारख्या विळीवर कापून एक शिंप टाकून देऊ नये. त्या अखंडच भांड्यात जाव्यात, नाहीतर रस आधीच सांडतो.

वाळू जावी म्हणून त्या नळाच्या पाण्यात भिजत घालणं उलटंच पडतं. गोड्या पाण्यात तिसऱ्या मिटून बसतात आणि फार वेळ राहिल्या तर मरतात. लिटरभर पाण्यात साधारण 30 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात दोन-तीन तास ठेवाव्यात.

शिजल्यावर न उघडलेली तिसरी खराबच, हे तर सगळीकडे ऐकू येतं. पण खरी निवड शिजवण्याआधी करायची असते: फुटलेली, किंवा उघडी असून टिचकी मारल्यावरही न मिटणारी तिसरी मेलेली समजून टाकावी. शिजल्यावर मिटलेली राहिली, तर बहुधा शिंपा धरून ठेवणारा स्नायू सुटलेला नसतो. ऑस्ट्रेलियात मत्स्यशास्त्रज्ञ निक रुएलो यांनी शिणाण्यांच्या (मसल्सच्या) बाबतीत हे तपासून दाखवलं. अशी तिसरी आणखी मिनिटभर आचेवर ठेवावी, मग वेगळ्या ताटलीत सुरीने उघडावी. आत चिखल किंवा घाण वास असेल तरच टाकावी.

‘नीट शिजवलं की सगळं निर्धोक’ हा समज मात्र जिवावर बेतू शकतो. 1973 मध्ये नेपल्समध्ये कॉलरा पसरला, ठपका शिणाण्यांवर आला आणि उपसागरातली त्यांची शेती उखडण्यात आली. कॉलऱ्याचे जंतू उकळल्यावर मरतात. पण काही सूक्ष्म शैवालांची विषं शिंपल्यांत साठतात, ती ना उकळून जातात, ना लिंबाने, ना वाइनने. म्हणून युरोपीय संघात अशा एका विषगटासाठी किलोमागे 800 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की तिथली काढणी थांबवतात. घरी आपल्या हाती एवढंच असतं की तिसऱ्या कुठल्या खाडीतल्या हे विचारायचं, आणि सांडपाण्याच्या तोंडाजवळच्या, बंदरातल्या, किंवा पाण्याचा रंग बदललेल्या जागेच्या घ्यायच्या नाहीत.

दोघांसाठी अर्धा ते पाऊण किलो तिसऱ्या आणि 180 ग्रॅम स्पॅगेटी पुरते. तेलात लसूण हलकेच परतून तिसऱ्या घालाव्यात, झाकण ठेवून आच मोठी करावी. उघडतील तशा बाहेर काढाव्यात, जास्त शिजल्या तर चिवट होतात. रस फडक्यातून गाळावा. पास्त्याच्या पाण्यात मीठ नेहमीपेक्षा कमी घालावं, तेल अजिबात नको. स्पॅगेटी दोन मिनिटं आधीच उपसून, न धुता, रसातच शिजवावी. तिच्या पिठाने तेल आणि रस मिळून येतात. मग तिसऱ्या आणि पार्सली घालून लगेच वाढावी.