एरर ७१

संपादकांना लेथ हवं होतं. "भोसरीत जा, एखादं जुनं मशीन गाठ. तेल, लोखंड, घाम आला पाहिजे लेखात." मी गेलो तो गुरुवारी. गुरुवारी इथल्या एमआयडीसीला सुट्टी असते, हे 'जे' ब्लॉकमध्ये पोचल्यावर आठवलं. शटर खाली, रस्त्यावर कुत्री, चहाची टपरीही अर्धीच चालू. एका शेडचं शटर कमरेएवढं वर होतं. वाकून आत गेलो, तर लेथ नाहीच. टेबलावर सात इंची टचस्क्रीन पालथी पडलेली, तिच्यातून तीन बारीक वायरी लॅपटॉपकडे गेलेल्या आणि लॅपटॉपपुढे तिशीतला एक माणूस.

"लेथ बघायचं तर उद्या या, दादा," तो म्हणाला. "आज पोस्टमॉर्टेम चाललंय."

आजूबाजूला त्याला पॅनलवाला म्हणतात. हायड्रॉलिक प्रेस, वॉशिंग मशीन (कपड्यांचं नव्हे, गिअर धुवायचं), टेस्टिंग रिग असल्या मशीनना तो पडदे बसवून देतो. हा पडदा चाकणच्या एका प्रेसवरून परत आला होता. तक्रार एका ओळीची: 'स्क्रीन मधूनच काळी होते.' प्रेस मात्र थांबत नव्हता, कारण तो चालवणारा कंट्रोलर, पीएलसी, वेगळा. मशीन चालू आणि ऑपरेटर आंधळा, अशी अवस्था.

मी निघणार होतो, पण त्याने लॅपटॉपवर एका ओळीवर बोट ठेवलं आणि माझी दुपार तिथेच गेली.

आधी थोडा इतिहास. पडद्यावर चित्र काढणारा प्रोग्रॅम थेट पडद्याला हात लावत नाही. मध्ये डिस्प्ले सर्व्हर असतो. प्रोग्रॅम हा त्याचा क्लायंट. लिनक्सच्या दुनियेत हे काम अनेक वर्षं एक्स विंडो सिस्टिमने केलं. तिचा जन्म १९८४ चा, एमआयटीतला. अकरावी आवृत्ती १९८७ ची. २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्गने वेलँड सुरू केलं. नाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं, आणि त्याच्या नमुना सर्व्हरला नाव शेजारच्या वेस्टन गावाचं. भोसरी आणि दिघी म्हणा ना. टेबलावरच्या पॅनलमध्ये हेच वेस्टन होतं.

"तुम्ही कंपनीला माल दिलाय कधी?" पॅनलवाल्याने विचारलं. मी नाही म्हटलं. "जॉब ड्रॉइंगप्रमाणे नसला की इन्स्पेक्शनवाला रिजेक्शन नोट लावतो. कुठला जॉब, कुठला कोड, काय शेरा. इथेही तेच."

खरोखरच तेच आहे. क्लायंटने नियम मोडला की वेलँडची लायब्ररी त्याला एक संदेश पाठवते आणि त्यात तीनच गोष्टी असतात: कुठल्या वस्तूबाबत चूक झाली, त्या चुकीचा क्रमांक आणि माणसाला वाचता येईल असं एक वाक्य. त्या वाक्यासाठी सर्व्हरच्या बाजूला जागा ठेवलीय १२८ बाइटची. त्यापुढचं कापलं जातं. शेरा लिहायला चौकट तेवढीच!

जुन्या एक्समध्येही नोट होती. ३२ बाइटचं पाकीट, मूळ चुकांचे प्रकार १७. पण तिथे क्लायंटला मुभा होती. चूक स्वतः हाताळायची व्यवस्था लावली, की नोट खिशात घालून पुढे चालू. वेलँडमध्ये ती मुभा नाही. एक नोट लागली की व्हेंडर कोडच बंद, जोडणी तुटते. कारण सरळ आहे: दोघांच्या हिशेबाच्या वह्या एकदा जुळेनाशा झाल्या, की पुढच्या कुठल्याच नोंदीवर भरवसा नाही.

मला खिळवून ठेवलं ते याच्या पुढच्या भागाने. सर्व्हर चूक सांगणारी चिठ्ठी पाठवतो आणि दार लावून घेतो. क्लायंटला हे ठाऊक नसतं. तो आपला पुढचं चित्र पाठवतच असतो. त्याचं पाकीट बंद दारावर आपटतं आणि ऑपरेटिंग सिस्टिम सांगते, पाइप तुटला. इथे घाबरून क्लायंटने लगेच आटोपतं घेतलं, तर ती चिठ्ठी न वाचताच राहील. म्हणून लायब्ररीत मुद्दाम सोय केलीय: पाठवताना पाइप तुटलेला आढळला तरी तो अंत समजायचा नाही. आधी आलेलं टपाल वाचायचं, मग मरायचं.

सर्व्हरच्या बाजूलाही अशीच एक सभ्यता आहे. क्लायंट गेला की त्याच्या वस्तू क्रमांकाप्रमाणे पुसल्या जातात. पहिल्या क्रमांकावर असतो डिस्प्ले, म्हणजे ज्याच्यामार्फत चूक कळवायची तोच. तो आधी जातो. मग उरलेलं पुसताना नवी चूक निघाली तर कळवायची कोणाला? लायब्ररी तपासते, डिस्प्ले नाही असं दिसलं की गप्प बसते. मेलेल्या माणसाला नोटीस धाडायची नाही, एवढा विवेक आपल्या कित्येक कार्यालयांतही सापडत नाही.

तर त्या ओळीत काय होतं? क्रमांक ४ आणि वाक्याचा अर्थ असा: विंडोची भूमिती १२८० बाय ८००, पण ठरवून दिलेला पूर्ण पडदा १०२४ बाय ६००. दहा इंची पॅनलसाठी लिहिलेलं एक पान सात इंचीवर आलं होतं. ते अलार्मचं पान होतं. म्हणजे प्रेसने काही तक्रार केली, की ती दाखवायला हे पान उघडायचं आणि पडदा जायचा. त्याखाली प्रोग्रॅमने आपला निरोप लिहिला होता: एरर ७१. लिनक्सच्या यादीत ७१ म्हणजे प्रोटोकॉलची चूक.

दुरुस्ती दहा मिनिटांची. पण अडचणी तिथे संपत नाहीत, सुरू होतात. ही ओळ सापडली ती तीन वायरी जोडल्या म्हणून. चाकणच्या शेडमध्ये वायर कोण जोडणार? पॅनलवाल्यानेच प्रोग्रॅम पडला की आपोआप परत सुरू होईल अशी सोय केली होती. "चांगुलपणा नडला," तो म्हणाला. पडदा काही सेकंद काळा, मग पुन्हा पहिलं पान, जणू काही झालंच नाही. ऑपरेटरने सुपरवायझरला बोलावेपर्यंत सगळं ठीक. दोनदा बोलावल्यावर तिसऱ्यांदा त्याने बोलावणंच सोडलं.

चूक नेमकी कुठे झाली हेही सहज कळत नाही. क्लायंट मागण्या एकामागून एक टाकत जातो, उत्तराची वाट बघत नाही. चिठ्ठी येईपर्यंत तो दहा ओळी पुढे गेलेला असतो. सगळा संवाद छापणारा एक डीबगचा खटका आहे, पण तो लावला की छोट्या पॅनलची लॉग फाइल फुगत जाते. पडणाऱ्या प्रोग्रॅमलाच "जाताजाता पडद्यावर सांगून जा" म्हणावं, तर त्याचा पडदा आधीच काढून घेतलेला.

म्हणजे एवढ्या काळजीने पोचवलेली चिठ्ठी पोचते प्रोग्रॅमपर्यंत. मशीनपुढे उभ्या माणसापर्यंत नाही. हे लायब्ररीचं काम नव्हेच; ते आपलं.

संध्याकाळी पॅनलवाल्याने ते केलं. मेलेल्याने स्वतःचा पंचनामा करायचा नसतो, म्हणून प्रोग्रॅमला परत उठवणाऱ्या स्क्रिप्टवर त्याने ते काम टाकलं: आधी लॉगच्या शेवटच्या ओळी वाच, क्रमांक जपून ठेव, मग पहिल्या पानाच्या माथ्यावर लाल पट्टी दाखव. पट्टीवर मराठीत: 'स्क्रीन बंद पडली होती. चूक ४. फोटो काढून पाठवा.' खाली त्याचा फोन नंबर.

जे कोणी मशीनचे पडदे बनवतात त्यांनी एवढी पट्टी तरी लावावी.